माझी जीभ आणि विहीणबाईंचा खरवस

हे सांगणं मी तेरा वर्षं टाळलं. विषय निघाला की मी दुसरं काहीतरी बोलायचो, नाहीतर उठून गोठ्याकडे जायचो. दोन वर्षांपूर्वी माझ्या तोंडाची चव गेली. त्या आजाराबद्दल तुम्ही लिहा, चार लोकांच्या उपयोगी पडेल, असं मला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी सुचवलं आणि मी हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा कळलं की पुसेगावच्या गिरजाबाईंना वगळून हा आजार सांगता येत नाही. गिरजाबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. माझ्या एका वाक्यानं त्यांच्या हातच्या अन्नाला बट्टा लागला. तो पुसावा म्हणून लिहितो आहे. आजार कुठे संपतो आणि माझा अपराध कुठे सुरू होतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्यामुळे पुढे कुठे घोळ झाला तर समजून घ्यावं.

*

आधी माझ्याबद्दल. हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात एका वैद्यांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो. काढे उकळायचे, चूर्णाच्या पुड्या बांधायच्या, आलेल्या माणसाला औषध कसं घ्यायचं ते समजावायचं. काढा म्हटलं की लोक तोंड वाकडं करत. मग वाटीतला पहिला घोट मी त्यांच्यासमोर स्वतः घ्यायचो आणि म्हणायचो, "घ्या, काही कडू न्हाई." माझा चेहरा जराही हलायचा नाही. बाया आपल्या लेकरांना सांगत, बघ, कंपाउंडरमामा चहावाणी पितेत. वैद्यबुवा म्हणायचे, तुझी जीभ चामड्याची आहे. मला तो माझा संयम वाटायचा. मन घट्ट केलं की कडू लागत नाही आणि ज्याला लागतं तो नाटक करतो, असं माझं पक्कं मत झालं होतं.

पत्नी लवकर गेली. घरात मुलगा संतोष, सून अर्चना, नात गौरी आणि मी, एवढीच माणसं.

*

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मला ताप आला. आठ-दहा दिवस हटला नाही. नाक बंद, एका कानातून पाणी. औषधांनी ताप उतरला. उठून बसलो त्या सकाळी अर्चनानं चहा दिला, तर नुसतं गरम पाणी. साखर विसरली असेल असं वाटलं. दुसरा कप आणला, तोही तसाच. दुपारचं वरण भिजलेल्या मातीसारखं लागलं तेव्हा मी ताट सरकवून दिलं आणि नको ते बोललो. अर्चनानं पळीभर वरण हातावर घेऊन चाखलं, संतोषलाही चाखायला दिलं. मग म्हणाली, "मामा, मीठ बराबर हाय. तुमच्या तोंडालाच काही झालंय."

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं होतं.

ज्यांना असं झालं आहे त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांना झालेलं नाही त्यांना सांगून कळत नाही. दुखत काहीच नाही. सूज नाही, जखम नाही. लोक विचारतात काय होतंय, आणि काय सांगावं ते सुचत नाही. दिवसभर तोंडात लोखंडी खिळा धरल्यासारखं वाटायचं. भाकरी चावताना पुठ्ठा चावतोय असं वाटायचं. चव लागेल या आशेनं मी वरून मीठ घेत गेलो. मिठाची चव काही आली नाही, रक्तदाब मात्र वाढला. तीन महिन्यांत नऊ किलो उतरलो. गिळायचं विसरून घास तोंडात तसाच धरून बसायचो, आणि समोर गौरी माझ्याकडे बघत बसायची.

समोरचे किराणावाले करीमभाई गमतीनं म्हणाले, "अब दावत तुमच्याच घरी ठेवा कंपाउंडर, बासं-नासं बी खपून जाईल." ओट्यावरची सगळी हसली. मला हसू आलं नाही. का आलं नाही ते पुढे कळेल.

*

हिंगोलीच्या डॉक्टरांनी नांदेडला जायला सांगितलं. शाळेला सुट्टी लागली होती म्हणून गौरीही संतोषबरोबर आली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि जिभेवर एकेक थेंब टाकत गेल्या. प्रत्येक थेंबानंतर चूळ भरायची आणि कोणती चव लागली ते सांगायचं. आधी फिका थेंब, मग अधिक तीव्र. गोड अगदी शेवटी जरासं लागलं. खारट तसंच. आंबट टोचल्यासारखं वाटलं. चौथ्या बाटलीला मी म्हणालो, पाणी आहे. पुन्हा टाकला, पाणी. तिसऱ्यांदा टाकला, पाणीच. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की ताप, त्यावरची औषधं, वय, या सगळ्यांनी मिळून हे झालंय, बहुतेक चव हळूहळू परत येईल, धीर धरा.

एवढ्यावर उठलो असतो तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी वाटलं. पण त्यांनी विचारलं की तापाच्या आधी तुम्हाला कडू नीट लागत होतं का. मी काढ्याची हकिकत सांगितली, अभिमानानंच सांगितली. त्या लिहायच्या थांबल्या. ड्रॉवरमधून त्यांनी कागदाच्या बारीक पट्ट्या काढल्या आणि एकेक आम्हा तिघांना जिभेवर ठेवायला दिली.

गौरी धावत बेसिनकडे गेली आणि थुंकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संतोष पट्टी चघळत म्हणाला, "कागद हाय, दुसरं काय?" मलाही कागदच लागला.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते मला जेवढं समजलं तेवढं लिहितो. डोळे-केस जसे आईबापाकडून येतात तशी जीभही येते. काही माणसांना एका जातीचं कडू जन्मापासून लागतच नाही. काहींना लागतं, आणि काहींना इतकं लागतं की दुसऱ्याला साधी वाटणारी भाजी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. संतोषनं माझी जीभ घेतली. गौरीची तिच्या आईकडून आली असणार. तुमची गोड-खारट चव तापानं गेली, ती येईल, पण कडवट तुमच्याकडे आधीपासूनच कमी असावं, असं त्या म्हणाल्या. आणि पुढे जाता जाता एक वाक्य बोलल्या: "एकाला कडू लागतं, दुसऱ्याला लागत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात."

मी खुर्चीत बसूनच राहिलो. मग विचारलं, दुधी भोपळा कडू निघाला तर तोही मला असाच कळणार नाही का. त्या म्हणाल्या की कडू पुष्कळ प्रकारचं असतं, ही पट्टी त्यातल्या एकाच प्रकाराची. दुधीचं कडू वेगळं. कळत नसेलही, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही. का विचारता?

मी म्हणालो, सहज.

*

आता ती सकाळ सांगतो. त्या वेळी गौरी तीन वर्षांची होती. ऐन उन्हाळा होता. आदल्या संध्याकाळी अर्चना माहेराहून, पुसेगावहून, जीपनं आली होती. माहेरची शिदोरी म्हणून आईनं डबाभर खरवस दिला होता. त्यांची गाय नुकतीच व्याली होती. सकाळी अर्चनानं त्यातला थोडा स्वतः खाल्ला, दोन घास गौरीला भरवले.

अंगणात माझा दुधीचा वेल होता. लग्न झाल्यापासून अर्चना मेथी खायची नाही, कारलं शिजलं की दुसऱ्या खोलीत जायची. तिला पित्ताचा त्रास होता. मी ठरवलं की तिला रोज दुधीचा रस द्यायचा. दुधी चिरताना देठाकडची चकती चाखून बघायची आणि कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्यायचा, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी चकती मी चाखली. मला काही लागलं नाही. जिरं-पुदिना घालून दोन पेले काढले.

तिनं एक घोट घेतला आणि तिचं तोंड एकदम आक्रसलं. "मामा, लई कडू हाय हो हे. जीभ जळून राहिली."

मी दवाखान्यात करायचो तेच केलं. माझ्या पेल्यातले तीन-चार घोट तिच्यासमोर घेतले. "बघ. काही कडू न्हाई. नाटकं पुरे, पिऊन घे."

तिनं पिऊन घेतला. सासरा समोर उभा होता, करणार काय?

तासाभरात तिला उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत उलटीत रक्त आलं. तिला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला. संतोष कामावरून परस्पर तिथं आला.

जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते आता लिहितो. जीप येईपर्यंत मलाही दोनदा उलटी झाली होती. गोठ्यामागे जाऊन केली आणि वर पाणी ओतलं. पोटात पिळे पडत होते. म्हणजे रसातच काहीतरी आहे हे मला नांदेडला पोहोचण्याआधीच कळलं होतं. माझी जीभ मुकी असेल, पोट मुकं नव्हतं.

*

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं. अर्चनाला बोलता येत नव्हतं. संतोष माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, खरवस. काल उन्हात जीपमधून आला होता.

रसाचं नाव मी घेतलं नाही. घेतलं असतं तर त्यांनी वेगळं काही केलं असतं का, हे मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. अर्चना चार दिवस अतिदक्षता विभागात होती. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं आत सोडायचे. एक सिस्टर मला रोज सांगायच्या, आजोबा, तुम्ही जेवून या, काही झालं तर मी आहे. मी जायचो आणि न जेवता परत यायचो. लोकांना वाटलं, सुनेवर किती जीव आहे.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई आल्या. पॅसेजमध्ये दहा-बारा नातेवाईक होते. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "इतक्या उन्हात दुधाची वस्तू देत असतेत का, विहीणबाई? लेकरू हातचं जात व्हतं की."

त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इवाई, चीक त्याच सकाळचा व्हता. मी सोता चाखून दिला." सगळे माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "तुमी म्हनता तर तसंच असंल."

गौरीनंही तोच खरवस खाल्ला होता आणि तिला काही झालं नव्हतं. एवढ्या माणसांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

अर्चना वाचली. घरी परतल्यावर पहिलं काम मी वेल उपटायचं केलं. कीड लागली, असं सांगितलं.

*

पुसेगावात लग्नकार्याला पुरण घालायचं तर गिरजाबाईंना बोलावणं जायचं. त्यांच्या हाताला चव आहे, असं लोक म्हणत. आमच्या आणि त्यांच्या गावात जिपा जातात, बातमीही जाते. पोटच्या पोरीला बाधलं, अशी ती गेली. बोलावणी कमी झाली, मग थांबली. अर्चना माहेरी जाऊन यायची तेव्हा पिशवीत खण-नारळ, ज्वारी, हरभरे, सगळं कच्चं असायचं. शिजवलेलं काही त्या घरातून आमच्या घरात पुन्हा आलं नाही.

अकरा वर्षं मी हे बघत होतो. आणि चवीच्या त्या तपासणीनंतर नांदेडहून येताना जीपमध्ये माझ्या डोक्यात एकच चक्र सुरू होतं. कडू लागलं नाही हे खरं होतं. मग मी खोटं बोललो का? जीभ जन्माची अशी असेल तर तो दोष माझ्या आईबापाचा की माझा? क्षणभर फार हलकं वाटलं. डॉक्टरबाईंनी दुधीबद्दलही खात्रीनं हो म्हटलं असतं तर मी तो कागद जपून ठेवला असता. मग गोठ्यामागची उलटी आठवायची आणि पुन्हा सगळं फिरायचं. तिला कडू लागलं, मला नाही, दोघंही खरे. पण दोघांपैकी एकालाच खरं मानलं गेलं, आणि ते मी ठरवलं. डॉक्टरांना विचारायची गोष्ट कोणती आणि स्वतःला विचारायची कोणती, याचा गुंता आजही सुटत नाही.

*

उपचार म्हणजे फारसं काही नव्हतं. गोळ्या, तोंडाची स्वच्छता, दर दोन महिन्यांनी नांदेड, आणि वाट बघणं. खरा उपचार अर्चनानं केला. ती माझ्या वाटणीची भाजी वेगळी काढायची. एक दिवस लिंबू जास्त, एक दिवस कोथिंबीर, एक दिवस शेंगदाण्याचं कूट, आणि मी काय म्हणतो ते लक्षात ठेवायची. मिठाचा डबा तिनं माझ्यापासून लपवला. चव नसली तरी कुरकुरीत लागतं हे कळतं, म्हणून भाकरीचे पापुद्रे तव्यावर कडक करून द्यायची. मी चिडायचो. ती म्हणायची, "मामा, तुमाला लागत न्हाई म्हनता ना, मग न्हाईच लागत. भांडायचं काहून?"

इतक्या सहज तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

उपचाराच्या सहाव्या महिन्यात एका दुपारी पिकलेल्या सीताफळाचा गोडवा लागला. मी बी तोंडात धरून बसून राहिलो. मग खारट आलं. कडू आलं नाही, येणारही नाही.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना दोनच गोष्टी सांगतो. वरून मीठ घेऊ नका, आणि महिना उलटायची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. आणि घरातल्या सगळ्यांसाठी: दुधी चिरताना एकट्यानं चाखू नका. घरातलं एक जरी माणूस कडू आहे म्हणालं तरी फेकून द्या. पोटात गेलाच असेल, तर डॉक्टरांना तेच नाव सांगा.

*

थोडं बरं वाटल्यावर मी पुसेगावला गेलो. एकटाच, जीपनं. काय बोलायचं ते मनात घोकत होतो. गिरजाबाई दारात बसून तूर निवडत होत्या. फार वाळल्या होत्या. लगबगीनं उठल्या, पाणी दिलं.

"तब्येत बरी हाय का इवाई? चव येऊन राहिली म्हणे."

म्हणालो, येऊन राहिली थोडी थोडी.

त्यांनी चहा टाकला नाही. शेजारच्या मुलीला हॉटेलातून चहा आणायला पाठवलं. आतून बिस्किटांचा पुडा आणला आणि तो माझ्यासमोर फोडला, म्हणजे बंद होता हे मला दिसावं. चूल हात-दीड हातावर होती. अकरा वर्षांनी घरी आलेल्या व्याह्याला त्या बाईनं स्वतःच्या हातचं काही देऊ केलं नाही.

मी चार बिस्किटं खाल्ली. पाऊसपाण्याचं बोललो, गौरीच्या शाळेचं बोललो. उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "अजून काही बोलायचं व्हतं का?"

"न्हाई. सहज आलो."

त्यांनी मान हलवली. पुढच्या पोळ्याला चार दिवस असताना त्या वारल्या.

तेराव्यानंतर अर्चना परत आली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिला सगळं सांगितलं. चकती, रस, गोठ्यामागचं, दवाखान्यातलं. ती परातीतलं पीठ मळत राहिली. मला वाटलं तिनं ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "मला ठाऊक व्हतं, मामा. जीभ माझी हाय ना. पन तुमी म्हनले कडू न्हाई, डॉक्टरबी तुमचंच ऐकले. मधी मधी मलाच वाटायचं, आपलंच चुकलं असंल."

मी विचारलं, आईला सांगितलं होतं का.

"सांगितलं व्हतं. मी म्हनलं, चल, मी सगळ्यांसमोर बोलते. तर म्हनली, बोलू नको, तुला त्याच घरात नांदायचंय. इवाई येतील कधीतर. सोताहून सांगतील." तिनं पिठाचा हात पुसला. "तुमी येऊन गेले तवा तिनं मला फोन केला व्हता. इतकंच म्हनली, येऊन गेले. आता हे मला सांगून काय करू मी? हे तिला सांगायचं व्हतं."

तिचं बराबर आहे. पण गिरजाबाईंना सांगायची जागा आता राहिली नाही, म्हणून इथं लिहितो. पुसेगावचं कुणी हे वाचत असेल तर त्यानं चार लोकांना वाचून दाखवावं. त्या दिवशी त्यांच्या दारात, बिस्किटाचा पुडा हातात असताना, मला एवढंच म्हणायचं होतं:

विहीणबाई, तुमचा खरवस चांगला व्हता. पोरीला बाधला तो माझा दुधी. मला ते त्याच दिवशी कळलं व्हतं, आन तरी मी दहा माणसांत तुमचं नाव घेतलं. मी सहज न्हाई आलो. माफी मागायला आलो.